भरल्या अंगाला नीट बसणारी बेली डान्सची ब्रा: राजारामपुरीतल्या एका शिवणकामाविषयी

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात अनेक वर्षे ब्लाउज शिवणाऱ्या एका मावशींकडून मी माझ्या बेली डान्सच्या पोशाखाची ब्रा शिवून घेतली आणि ती घालून शाहू स्मारक भवनाच्या रंगमंचावर सात मिनिटे नाचले. त्या सात मिनिटांत माझा हात पट्टी सावरण्यासाठी एकदाही खांद्याकडे गेला नाही. ज्यांचे अंग भरलेले आहे आणि ज्यांनी तयार पोशाख घालून नाचून पाहिले आहे, त्यांना या एका गोष्टीचे मोल सांगावे लागणार नाही. मावशी मोजकेच काम घेतात आणि दाराशी गर्दी होऊ नये अशी त्यांची इच्छा आहे, म्हणून त्यांचे नाव व पत्ता येथे देत नाही. मात्र त्यांनी काम कसे केले हे सविस्तर लिहिते, कारण पद्धत समजली तर आपल्या ओळखीतल्या कोणत्याही जाणत्या लेडीज टेलरकडून असे काम करून घेता येईल.

आधी माझी अडचण सांगते. माझ्या बरगड्यांचा घेर ३६ इंच आणि छातीचा घेर ४४ इंच आहे. दोन वर्षांपूर्वी मी एका संकेतस्थळावरून तयार पोशाख मागवला होता, आणि त्याच्या मापांच्या तक्त्यात माझे माप ‘एक्स्ट्रा लार्ज’ मध्ये बसत होते. प्रत्यक्षात त्या ब्राचा पट्टा ४० इंचांचा होता आणि कप मात्र मध्यम बांध्याच्या बाईला पुरतील एवढेच होते. पाठीचा पट्टा सैल असल्याने तो हळूहळू वर सरके, तो वर सरकला की समोरचे कप खाली येत, आणि मग सगळे वजन दोन बारीक इलॅस्टिकच्या पट्ट्यांवर पडे. सरावानंतर खांद्यांवर लाल वळ उठत. वर्गात छाती खाली सोडण्याची हालचाल करताना एकदा डावी पट्टी निसटली आणि त्या दिवसापासून मी सहा सेफ्टी पिना लावल्याशिवाय उभी राहत नसे. दोष आपल्या शरीराचा आहे, असे मला त्या काळात खरोखरच वाटत होते, आणि ते आठवले की आजही वाईट वाटते.

मोठ्या मापाच्या तयार पोशाखांत ही चूक फार सर्रास आढळते. छाती मोठी असेल तर पट्टाही मोठा हवा असे गृहीत धरले जाते, परंतु बरगड्यांचा घेर आणि कपाची खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोजच्या वापराच्या ब्राच्या मापांतही हे दिसते: ३४ डी आणि ३६ सी यांच्या कपांत जवळजवळ सारखीच जागा असते, कारण पट्टा एका मापाने वाढला की अक्षर एकाने मागे येते. त्यामुळे कप पुरावा म्हणून दुकानदार पट्टा वाढवत जातात, कप कसाबसा बसतो, आणि ज्या पट्ट्याने भार पेलायचा तोच ढिला पडतो.

या पोशाखाला अरबीत ‘बेदला’ म्हणतात आणि त्याचा साधा अर्थ ‘सूट’ असा आहे: मण्या-टिकल्यांनी मढवलेली ब्रा, तसाच कमरपट्टा आणि खाली घेरदार स्कर्ट. पोटाचा भाग उघडा ठेवणारी ही मांडणी विसाव्या शतकातल्या कैरोच्या नाट्यगृहांत आणि करमणुकीच्या सभागृहांत रूढ झाली. नर्तकी बदिया मसाबनी यांनी १९२६ मध्ये कैरोत सुरू केलेल्या रंगमंचाचे नाव त्या संदर्भात नेहमी घेतले जाते. म्हणजे हे वस्त्र मुळात रंगमंचाचे आहे. त्याला दुरून चमकायचे असते आणि जवळून मजबूत असायचे असते. आतल्या कपड्यांच्या दुकानातली ब्रा घेऊन तिच्यावर टिकल्या चिकटवल्या तर पहिली गोष्ट साधते, दुसरी साधत नाही.

मावशींनी बेली डान्स पूर्वी कधी पाहिलेला नव्हता. मी फोनवर त्यांना एक नाच दाखवला, तो त्यांनी दोनदा लक्षपूर्वक पाहिला आणि विचारले, “ताई, यात सगळ्यात जास्त काय हलतं? छाती का कंबर?” मी सांगितले की कंबर जास्त, परंतु छातीही वर, खाली, बाजूला आणि गोल फिरते, आणि खांदे झपाझप हलवले जातात. त्यावर त्यांनी मला ते सगळे करून दाखवायला लावले. माप घेण्याआधी हालचाल पाहणारा टेलर मला पूर्वी भेटला नव्हता, आणि माझा विश्वास तिथेच बसला.

मापे त्यांनी अकरा घेतली. बरगड्यांचा घेर पूर्ण श्वास सोडल्यावर एकदा आणि पूर्ण श्वास भरल्यावर एकदा घेतला. माझ्या बाबतीत या दोहोंत दीड इंचाचा फरक निघाला. याखेरीज छातीच्या दोन टोकांमधले अंतर, छातीच्या मुळाशी असलेल्या घडीपासून टोकापर्यंतचे अंतर, टोकापासून खांद्यापर्यंतचे अंतर, आणि काखेपासून छातीच्या मध्यापर्यंतचे अंतर अशी मापे त्यांनी दोन्ही बाजूंची वेगवेगळी लिहून ठेवली. माझी डावी बाजू उजवीपेक्षा थोडी मोठी आहे. बहुतेक स्त्रियांत असा थोडाफार फरक असतो, तरीही दोन्ही कप एकाच कागदावरून कापले जातात. मावशींनी मोठ्या बाजूच्या मापाने दोन्ही कप कापले आणि उजव्या कपात आतून पातळ गादीचा तुकडा बसवला.

आता पट्ट्याविषयी, कारण या कामाचा जीव त्यातच आहे. इलॅस्टिक ताणले जाते, आणि मण्यांचे वजन लटकले की ते ताणलेलेच राहते. म्हणून नाचाच्या ब्रामध्ये भार पेलणाऱ्या कोणत्याही भागात इलॅस्टिक असता कामा नये. मावशींनी कॅनव्हासच्या दोन थरांमध्ये बकरम (ताठपणासाठी घालतात ते कडक कापड) घालून पट्टा तयार केला; आतून इचलकरंजीच्या मागावरच्या घट्ट विणीच्या सुती कापडाचे अस्तर दिले. हा पट्टा पाठीवर अडीच इंच आणि काखेखाली जवळजवळ साडेतीन इंच रुंद आहे. काखेखालची ती जास्तीची रुंदी फार महत्त्वाची ठरली, कारण भरल्या अंगाचा बाजूला येणारा भाग अरुंद पट्ट्याखालून आणि वरून फुगून बाहेर येतो, आणि रुंद पट्टा तोच भाग सपाट धरून ठेवतो. मी विचारले की इतका रुंद पट्टा बेढब दिसणार नाही का. त्या म्हणाल्या, “भरलेली घागर आपण बोटाला लटकवून आणतो का? कमरेवर घेतो. तसं हे वजन बरगडीवर बसलं पाहिजे, खांद्याला नुसतं धरायचं काम.” ही उपमा मी माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलीला सांगितली आहे.

पट्ट्याची लांबी श्वास सोडलेल्या मापावर घेतली तर नाचताना दम कोंडतो, आणि भरलेल्या मापावर घेतली तर तो सरकतो. मावशींनी मधले माप धरले आणि पाठीमागे पँटला लावतात तसे मोठे चपटे हुक तीन लावून त्यांच्यासाठी घरांच्या दोन उभ्या ओळी अर्ध्या इंचाच्या अंतराने बसवल्या. ब्लाउजचे बारीक हुक या कामाला चालत नाहीत, कारण ते वाकतात. सरावाला मी सैल ओळ वापरते आणि रंगमंचावर घट्ट ओळ. महिन्याच्या ज्या दिवसांत अंगाला सूज असते, त्या दिवसांतही हीच सोय उपयोगी पडते.

कपांसाठी आम्ही आधी तयार, साच्यात घडवलेल्या फोमच्या कपांचा विचार केला होता, कारण बहुतेक जणी तसेच करतात: तार असलेली, पूर्ण झाकणारी, जाड ब्रा घ्यायची आणि तिच्यावर कापड चढवायचे. मध्यम बांध्याला ही रीत चांगली आहे, फक्त कप नेहमीपेक्षा एका मापाने मोठा घ्यावा लागतो, कारण वरून कापड आणि आतून अस्तर आले की कप ताठ होतो आणि जागा कमी पडते. माझ्या मापाचा तसा कप मात्र कोल्हापुरात मिळाला नाही. जो मिळाला त्याची वरची कड छातीला मधोमध कापत होती आणि कडेच्या वर दुसरा उंचवटा दिसत होता. तेव्हा मावशींनी तो बाजूला ठेवला आणि म्हणाल्या की आपण कटोरी ब्लाउज शिवतो, त्यात आणि यात फरक तो काय?

फरक होता, परंतु पाया तोच निघाला. त्यांनी कप तीन तुकड्यांत कापला: आतल्या बाजूचा, खालचा, आणि काखेकडून येणारा उभा आधाराचा तुकडा, जो छातीला बाजूने आत व पुढे आणतो. एका तुकड्यात टक्स घालून खोल कप करायला गेले तर टोकाशी कापड जमते आणि कप टोकदार दिसतो. तीन तुकड्यांच्या जोडांत गोलाई विभागली जाते आणि आकार मऊ येतो. आत फोमचा पातळ थर आणि बाहेर न ताणणारे कापड आहे. तारा माझ्या रोजच्या वापराच्या, नीट बसणाऱ्या एका जुन्या ब्रामधून काढून घेतल्या आणि सुती फितीच्या दुहेरी नळीत घातल्या. तार छातीच्या भोवतीने, बरगडीवरच टेकली पाहिजे. ती छातीच्या भागावर चढत असेल तर कप लहान आहे असे समजावे. दोन कपांच्या मधला तुकडा छातीच्या हाडाला चिकटून बसला पाहिजे, तो अधांतरी राहिला तरी कप लहान आहे असेच समजावे. आरशासमोर या दोन गोष्टी पाहिल्या तर तयार पोशाख विकत घेतानाही पुष्कळ फसवणूक टळेल.

कपावर कापड चढवण्याचे काम मी त्यांच्या खोलीत बसून पाहिले. त्यांनी स्वयंपाकघरातून स्टीलचा एक वाडगा आणला, तो उपडा ठेवला, त्यावर कप बसवला आणि गर्द निळ्या साटिनचा उरेब, म्हणजे तिरपा कापलेला तुकडा त्यावर ओढून टाचण्या लावत गेल्या. उरेब कापड थोडे ताणते, म्हणून गोलाईवर सुरकुती पडत नाही. जे थोडे जास्तीचे कापड उरले, ते त्यांनी काखेच्या बाजूला एका टक्समध्ये लपवले, जिथे पुढे मण्यांची नक्षी येणार होती. वाडगा कशासाठी, तर कप सपाट धरून कापड शिवले की घातल्यावर गोलाई वाढते, कापड ओढले जाते आणि शिवण उसवते. शिवताना कप जितका गोल, तितका तो घातल्यावर निवांत राहतो. कड आत वळवून त्यांनी मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्याने हातशिलाई केली, आणि ती इतकी बारीक आणि एकसारखी आहे की आतली बाजू बाहेर घालावी असे वाटते.

खांद्याच्या पट्ट्या सव्वा इंच रुंद आहेत आणि त्याही कॅनव्हासच्याच. अनेक पोशाखांत मानेमागे बांधायच्या बंदांची पद्धत असते आणि ती दिसायला सुंदरही असते, परंतु भरल्या छातीचा आणि मण्यांचा भार मानेवर आला की अर्ध्या तासात मान आणि डोके दुखू लागते. मावशींनी पट्ट्या सरळ पाठीवर नेल्या आणि मागे त्या पाठीच्या मध्याकडे थोड्या आत घेतल्या, त्यामुळे खांदे कितीही हलवले तरी त्या घसरत नाहीत. मला मानेमागचा बंद हौसेखातर हवाच होता, म्हणून त्यांनी एक बारीक मण्यांचा बंद शोभेपुरता जोडला. तो काढून टाकला तरी ब्रा जागची हलत नाही.

मणीकामात आमचा थोडा वाद झाला आणि त्यात त्यांचेच बरोबर ठरले. मला कपांच्या टोकापासून खाली लांब झालर हवी होती. त्यांनी दोऱ्यात ओवलेल्या मण्यांच्या चार सरी तिथे तात्पुरत्या टाचून मला आरशासमोर उभे केले. मोठ्या छातीच्या टोकापासून झालर सोडली की ती पोटापासून लांब, पडद्यासारखी लोंबते आणि कंबर दिसेनाशी होते. तीच झालर पट्ट्याच्या खालच्या कडेपासून सोडली तर अंगालगत पडते आणि प्रत्येक हालचाल उठून दिसते. म्हणून कपांवर टिकल्या आणि हलके प्लॅस्टिकचे मणी, आणि खरे काचमणी फक्त पट्ट्याच्या कडेला, असे ठरले. प्रत्येक सर वरच्या साटिनला न जोडता आतल्या कॅनव्हासपर्यंत टाका नेऊन जोडली आहे, आणि दर चार-पाच मण्यांनंतर गाठ आहे. त्यामुळे दोरा तुटला तरी चार मणी जातील, सगळी ओळ ओघळणार नाही. महाद्वार रोडवरून आणलेल्या सामानापैकी जवळजवळ तिसरा हिस्सा परत गेला. किराणा दुकानातल्या काट्यावर तयार पोशाखाची जुनी ब्रा ९२० ग्रॅम भरली होती, नवी ६४० ग्रॅम भरली.

ट्रायल तीन झाल्या: पहिली नुसत्या कॅनव्हासच्या सांगाड्याची, दुसरी कापड चढवल्यावर, आणि तिसरी मणीकामानंतर. प्रत्येक वेळी मावशी मला हात डोक्यावर न्यायला, मागे वाकायला, खांदे हलवायला आणि जागच्या जागी उड्या मारायला सांगत. पहिल्या ट्रायलमध्ये हात वर केल्यावर तार अर्धा इंच वर चढली, म्हणून त्यांनी काखेखालची खोली वाढवली. ही दुरुस्ती मणीकामानंतर करावी लागली असती तर सगळे उसवावे लागले असते. म्हणून कोणाकडूनही शिवून घ्या, सांगाड्याची ट्रायल मात्र सोडू नका.

आता उणिवा. काम पूर्ण व्हायला सात आठवडे लागले, आणि सांगितलेली तारीख दोनदा पुढे गेली. लग्नसराईत मावशींकडे ब्लाउजची कामे आधी असतात आणि त्या ते स्पष्ट सांगतात, तरीही कार्यक्रमाची तारीख ठरलेली असेल तर निदान तीन महिने हातात ठेवावेत. शिलाईचे ४,२०० रुपये आणि साहित्याचे सुमारे २,६०० रुपये असा खर्च आला. माझा तयार पोशाख कमरपट्ट्यासह ५,५०० रुपयांना आला होता, आणि येथे तेवढ्यापेक्षा अधिक पैसे नुसत्या ब्रालाच लागले. मी ते आनंदाने दिले, परंतु विद्यार्थिनींना ही रक्कम जड जाईल हे मान्य करते. पाठीमागचे हुक एकटीने लावता येत नाहीत, मदतीला कोणीतरी लागते. आणि घाम शोषण्यासाठी काखेत काढता-घालता येणारे सुती तुकडे त्यांनी मी मागितल्यानंतर शिवून दिले. ते आधीच सुचवायला हवे होते, कारण अशी ब्रा पाण्यात घालून धुता येत नाही. मी ती प्रत्येक वापरानंतर उलटी करून सावलीत वाऱ्यावर ठेवते आणि नंतर सुती कापडात सैल गुंडाळते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली तर अस्तराला बुरशी येईल आणि जरतार काळी पडेल.

आमच्या वर्गातल्या दोघींना पोट आणि पाठ उघडी ठेवायची नाही, त्यामुळे असा पोशाख आपल्यासाठी नाही असे त्या मानत होत्या. त्यांना मी सांगितले की अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९८७ मध्ये सुरू झालेल्या एका मंडळाने रुजवलेल्या समूहनृत्याच्या शैलीत नर्तकी आपल्याकडच्यासारखी चोळीच घालतात आणि तिच्यावर मढवलेली ब्रा चढवतात. हे ऐकून दोघी मावशींकडे गेल्या. त्यांच्या बाबतीत एकच सूचना महत्त्वाची आहे: माप चोळी घालूनच द्यावे, कारण चोळीच्या कापडामुळे पट्ट्यातही फरक पडतो आणि ब्रा निसरड्या कापडावर सरकते; मावशींनी त्यासाठी पट्ट्याच्या आतून खरखरीत सुती कापड लावले आहे.

गेल्या आठवड्यात मी त्याच साटिनच्या उरलेल्या कापडाचा कमरपट्टा शिवायला टाकला. मावशींनी वहीतले माझे पान काढले, डाव्या आणि उजव्या बाजूची मापे लिहिलेल्या ओळींखाली कमरेसाठी दोन नव्या ओळी आखल्या आणि टेप हातात घेऊन म्हणाल्या, “आता कंबर कशी हलते ते दाखवा.”